टायरातलं पाणी

गाडीची मागची सीट काढून मी अंगणात ठेवली, त्याला पंधरा मिनिटं झाली नसतील, तोवर शेजारचे राधाकिशन आण्णा फाटकातून आत आले. "काय सर, उंदीर शिरला का गाडीत?" मी म्हणालो, नाही. "मंग कुनी वकलं काय सीटवर?" मी म्हणालो, नाही हो आण्णा, गाडीचं वजन कमी करतोय. आण्णांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि "बरं बरं" म्हणून त्या सीटवरच बसले. त्या "बरं बरं"चा मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

रागाचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कुणी मला शांत व्हा म्हणायला नको. माझं नाव धर्मराज. ज्या आत्याने हे नाव ठेवलं तिने बारशाला माझा आवाज ऐकला नसावा. पाटोद्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो. घर्षणाचा धडा सरांनीच शिकवावा, असं पोरं म्हणतात. त्याच घर्षणापायी चारचौघांत माझी शोभा झाली आणि ती कुणामुळे झाली हे एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून बसलोय.

मला तंबाखू नाही, पत्ते नाहीत, आणि बीड जिल्ह्यात राहून राजकारणही नाही. एकच शौक आहे, झपकन सुटणाऱ्या गाडीचा. माझ्याकडे एक लाल, छोटी, टर्बो इंजिनाची पेट्रोल गाडी आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण या सगळ्यात कंपनीचा काडीचाही दोष नाही. पुण्याला नेऊन मी तिच्या इंजिनाचं सेटिंग बदलून आणलं, सायलेन्सर मोठा बसवला, हवेचा फिल्टर बदलला. हे कशासाठी, तर ड्रॅग रेससाठी. सरळ धावपट्टी असते, दिवा हिरवा झाला की सुटायचं, चारशे दोन मीटर झाले की संपलं. ज्याला कमी वेळ लागला तो पुढे. आण्णांना हे मी समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आन् तिथून पुढं कुठं जायचं असतंय?" कुठंच नाही, मी म्हणालो. "मंग येवढी घाई कावून?" बारावीच्या वर्गातही मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी घरात निघून गेलो.

सीट आण्णांनीच नेली. "अंगनात कुत्री बसतेल, आमच्या ओसरीत टाकतो," म्हणाले. तेव्हापासून रोज संध्याकाळी माझ्याच सीटवर बसून, माझ्याच गाडीकडे तोंड करून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी माहिती द्यायला लागले. त्यांच्या घरी पूर्वी शंकरपटाचे बैल होते, त्यामुळे शर्यत म्हटली की गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा. शर्यतीआधी आठ दिवस गाडी कुणाच्या नजरेला पडू द्यायची नाही, हा त्यांचा पहिला सल्ला. चाकाला काळा दोरा बांधा, हा दुसरा. आदल्या दिवशी पोट हलकं ठेवायचं, तेल कमी पाजायचं, हा तिसरा. आता टाकीत पेट्रोल कमी म्हणजे वजन कमी, त्यामुळे तिसरा सल्ला बरोबर होता. तो बरोबर होता याचाच मला जास्त राग आला.

पण आण्णा परवडले. खरी अडचण घरात होती.

माझी बायको मंजुषा एका सरकारी कार्यालयात आवक-जावक बघते. सीट काढली त्याच आठवड्यात माझ्या सासूबाईंना, चंद्रभागाबाईंना, डोळे दाखवायला बीडला न्यायचं होतं. गाडीत जागा दोन. सासूबाई पुढे बसल्या, मी चालवत होतो, आणि मंजुषा मागून एस.टी.ने आली. एस.टी.त तिला उभं राहावं लागलं. ती दवाखान्यात पोचली तेव्हा सासूबाईंच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, समोरचं सगळं धूसर दिसत होतं, तरी लेकीचा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुमी जरा भाईर थांबा."

त्या संध्याकाळी अट ठरली. मंजुषाने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, जानेवारीचं पान उलटं केलं आणि मागे लिहायला घेतलं. "जानेवारीतली शर्यत ही शेवटची. पंधरा सेकंदांच्या आत आली तर गाडी तुमची. तिला सीट असो नसो, मी मरेस्तोवर एक शब्द बोलनार न्हाई. आन् न्हाई आली, तर सीट बसवायची, ते भोंगं काढायचं, आन् गाडी घरची. आईला, मला, सगळ्यांला घिऊन फिरायचं." खाली तारीख टाकून, शर्यतीची वेळ लिहायला जागा मोकळी सोडून तिने माझी सही घेतली. मी तावातावात सही केली. मागच्या वर्षीची माझी वेळ सोळा पूर्णांक एक होती. एक पूर्णांक एक सेकंद म्हणजे एक जांभईसुद्धा पुरी होत नाही, असं मला तेव्हा वाटलं.

मग मी गाडीच्या पाठीच लागलो. जादा चाक काढलं, जॅक काढला, पायाखालच्या सतरंज्या काढल्या, दारातला कापूस काढला, स्पीकर काढले. प्रत्येक वस्तू मंजुषाच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून वहीत लिहिली. मी स्वतः रात्रीची भाकरी सोडली. दिवाळीत समोर करंज्यांचं ताट आलं तरी मी हात लावला नाही. माझ्या वाटणीच्या आण्णांनी खाल्ल्या, माझ्याच सीटवर बसून. तीन महिन्यांत माझं सात किलो आणि गाडीचं नव्वद किलो उतरलं. स्टाफरूममध्ये लोक मला साखरेचा आजार झाला का, असं हळू आवाजात विचारायला लागले.

याच दिवसांत एका नाक्यावर हवालदाराने मला अडवलं. कागदपत्रं बघितली, मग काचेतून आत डोकावला. "कागदावर पाच सीट हायेत. गाडीत दोनच. तीन कुठं हायेत?"

"काढल्या."

"इकल्या?"

"शेजाऱ्यांच्या ओसरीत आहेत."

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "सर, जास्त मानसं भरली तर पावती फाडता येती. लोकं अकरा-अकरा भरतेत. कमी भरल्याची पावती मी नोकरीत फाडली न्हाई." त्याने साहेबांना फोन लावला. साहेबांनाही कलम आठवेना. मी अर्धा तास उन्हात उभा. मला न्यूटनचे तिन्ही नियम पाठ आहेत, परवान्याशिवाय गाडीत बदल करू नये हा नियमही पाठ आहे, शेवटी वैतागून तो मीच त्याला सांगितला. त्याने मोठ्या समाधानाने पावती फाडली आणि वर म्हणाला, "शिकलेल्या मानसाचं हे बरं असतंय." घरी येऊन मी कुणाला काही सांगितलं नाही. आण्णांना ते आधीच कळलं होतं.

आता बिभीषण. हा मूळचा चकलांब्याचा, पाटोद्याला रस्त्याकडेला याचं गॅरेज. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, ट्रॅक्टरच्या कामात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नाही, हे मी रागातही कबूल करतो. दोन ट्रॉल्या ऊस भरून चढाला लागलेला ट्रॅक्टर दोन शेतं पलीकडून नुसता ऐकून त्याचं काय दुखतंय हे तो सांगतो. माझ्या गाडीची क्लच प्लेट बदलायची होती. पुण्याला परत जायला रजा नव्हती. गाडी मी त्याच्याकडे लावली.

लावली ती दिवाळीच्या तोंडावर. हे माझं चुकलं. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, आणि त्याआधी तालुक्यातले सगळे ट्रॅक्टर बिभीषणाच्या दारात उभे असतात. माझी गाडी पार मागे, ताडपत्रीखाली गेली. मी रोज कॉलेज सुटल्यावर जायचो. तो रोज म्हणायचा, "सर, टोळ्या निगू द्या." एकदा ताडपत्री उचलली तर जिथे माझी मागची सीट असायची तिथे कोंबडी बसली होती. मी ओरडलो. कोंबडी उठली नाही. बिभीषण म्हणाला, "बसू द्या सर, खुडूक हाय, अंड्यांवर बसलीय." ज्याच्या शर्यतीच्या गाडीत कोंबडी अंडी उबवायला बसली, असा माणूस जगात मी एकटाच असेन. पिल्लं निघेपर्यंत क्लचचं काम थांबलं.

डिसेंबरात एकदाची क्लच प्लेट बसली. जानेवारीत, शर्यतीच्या आठवड्यात, मी एका बंद पडलेल्या जिनिंगच्या कारखान्याच्या आवारात गाडी सोडून बघितली. इंजिन वाघासारखं ओढत होतं, पण सुटताना पुढची चाकं जागेवरच गरागरा फिरायची आणि धूर निघायचा. ताकद पुढच्या चाकांना, आणि चाकांना पकड नाही. मी बिभीषणाला एवढंच म्हणालो, "सगळं झालं रे, पण सुटताना टायर घसरतंय. तेवढं बघ." हे वाक्य मी बोललो नसतो तर आज मी सुखी असतो. पुढचे तीन दिवस प्रात्यक्षिक परीक्षेच्या कामाला मला वडवणीला जायचं होतं. शुक्रवारी परत आलो तर गाडी धुऊन पुसून तयार.

"काय केलंस?"

"पकड वाढवली."

"कशी?"

"तुमी आधी पळवा तर. नंतर सांगतो." असं म्हणून तो हसला. तेव्हाच मी त्याला धरायला पाहिजे होतं.

शर्यत होती जालन्याच्या पुढे, एका खासगी धावपट्टीवर. शनिवारी पहाटे निघालो. माझ्या गाडीत मी आणि हवेचा पंप. मागे बिभीषणाचा पिकअप, त्यात पुढच्या बाकावर बिभीषण, मंजुषा आणि आण्णा. आण्णांना कुणी बोलावलं नव्हतं. गाडी पाटोदा सोडताच स्टेअरिंग थरथरायला लागलं. पन्नासच्या वर गेलं की दात वाजायचे. पण मी बीड जिल्ह्यात जन्मलेला माणूस, गाडी हलली की मी आधी रस्त्याला शिव्या देतो. मांजरसुंब्यापर्यंत मी रस्त्याला शिव्या दिल्या. पुढे चौपदरी, गुळगुळीत महामार्ग लागला, तरीही गाडी हलतच होती, आणि तरीही मी ठेकेदारालाच शिव्या देत राहिलो. बावीस वर्षं विज्ञान शिकवून माझी ही गत.

धावपट्टीवर पन्नासेक गाड्या आल्या होत्या. संभाजीनगर, पुणे, नाशिक. पोरं पंचविशीची, टी-शर्टांवर नावं छापलेली. त्यांच्यात मी इस्त्रीचा शर्ट पॅन्टमध्ये खोचून उभा होतो. शर्यतीआधी तपासणी असते. पांढरा शर्ट घातलेला एक तपासनीस हातात यादी घेऊन आला. हेल्मेट बघितलं, ब्रेक बघितले, पट्टा बघितला, आणि हवा मोजायला पुढच्या चाकाशी वाकून त्याने व्हॉल्व्हला मीटर लावलं.

फस्सकन पाण्याची चिळकांडी उडाली. त्याच्या चष्म्यावर, शर्टावर, यादीवर.

तो तसाच वाकलेला राहिला. चष्मा काढला, पुसला. परत मीटर लावलं. परत पाणी. मग सरळ उभा राहून, एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगावी तशा आवाजात तो मला म्हणाला, "सर, तुमच्या टायरमध्ये पाणी आहे."

मी म्हणालो, शक्य नाही. मी मागे वळलो. बिभीषण छाती काढून उभा होता.

"चाळीस लिटर," तो म्हणाला. "दोन्हीत मिळून."

शेतकऱ्याला यात काही नवल नाही. ट्रॅक्टरचं चाक रानात घसरायला लागलं की टायरात पाणी भरतात. चाकाला वजन येतं, चाक माती धरतं. आख्ख्या मराठवाड्यात भरतात. पण माझ्या गाडीत! मी जो कापूस दारातून उपसून काढून तोळ्या-माशाने तोलला, ज्या भाकऱ्या मी खाल्ल्या नाहीत, त्या सगळ्याच्या बदल्यात या माणसाने मला न विचारता पुढच्या चाकांत दोन मोठ्या कळशा ओतल्या होत्या.

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, कारण माझे विद्यार्थीही वाचतात. बिभीषण आधी गोंधळला, मग त्यालाही राग चढला. "तुमीच म्हनलाव टायर घसरतंय. म्हनलाव का न्हाई? मी बघितलं. चारशे ट्रॅक्टरला भरलंय मी, एकबी घसरला न्हाई!"

"ट्रॅक्टर ताशी शंभरने जातो का?"

"तुमी कुठं शंभर म्हनला? तुमी घसरतंय म्हनला!"

आण्णा मध्ये पडले. "काय बे बिभ्या, सरला इचारायचं तरी. बैलाला पानी पाजून कुनी पटात सोडतंय का?" हे ऐकून पुण्याची पोरं खो-खो हसली. चारपाच जणांनी मोबाईल काढले. मंजुषा पिकअपजवळ उभी होती, ती हसली नाही.

पाणी काढणं भाग होतं. गाडी उचलायला जॅक नव्हता, तो मी वजन कमी करायला घरी काढून ठेवलेला. जादा चाकही तिथेच. बिभीषणाच्या पिकअपचा जॅक माझ्या बुटक्या गाडीखाली शिरेना. पुण्याच्या त्याच पोरांकडून जॅक मागून आणावा लागला. चाक फिरवून व्हॉल्व्ह खाली आणला, आतली पिन काढली, आणि चाळीस लिटर पाणी जमिनीवर वाहायला लागलं. जमिनीला उतार होता. कुठे, तर सुटायच्या रेषेकडे. बघता बघता ओघळ तिथे पोचला आणि माईकवरून आवाज आला की पट्टी ओली झाल्याने स्पर्धा थांबवण्यात येत आहे. पन्नास गाड्यांची इंजिनं बंद झाली आणि त्यांचे मालक छत्र्या उघडून माझ्याकडे बघत बसले. बिभीषण आणि मी पोत्यांनी धावपट्टी पुसत होतो. मला एवढी लाज कधी वाटली नव्हती, आणि ती झाकायला माझ्याकडे रागाशिवाय काहीच नव्हतं.

शेवटचं दोन-तीन लिटर पाणी निघालंच नाही. ते काढायला टायर रिमवरून उतरवायला लागतं आणि ते यंत्र तिथे नव्हतं. वेळ गेल्यामुळे तीनऐवजी प्रत्येकाला दोनच फेऱ्या मिळतील, असं जाहीर झालं. माझ्यामुळे. ते सांगताना माईकवाल्याने माझ्या गाडीचा नंबरही सांगितला.

पहिली फेरी. दिवा हिरवा झाला, मी रागातच क्लच सोडला, चाकं जागेवर किंचाळली, धूर झाला. पंधरा पूर्णांक एकतीस. मागच्या वर्षीपेक्षा पाऊण सेकंदाने बरी, पण अटीत बसत नव्हती.

दुसऱ्या फेरीला दोन तास होते. पुढच्या टायरांतली हवा थोडी कमी केली. बूट काढून अनवाणी पायाने क्लच दाबून बघितला. रेषेवर गेलो. तीन महिन्यांच्या उपाशी रात्री, हवालदार, कोंबडी, पोती, सगळं डोक्यात होतं. मग पिवळा दिवा लागला आणि सगळं गेलं. हिरवा होताच क्लच हळूच सोडला, चाकांनी जमीन धरली, पाठ सीटला चिकटली. दुसरा गिअर, तिसरा. त्या राहिलेल्या पाण्याने स्टेअरिंग हातात नाचत होतं, तरी मी पाय उचलला नाही. मी ओरडत होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते रागाने नव्हतं.

पलीकडच्या फलकावर आकडा आला. पंधरा पूर्णांक शून्य दोन.

मी गाडी बाजूला लावली आणि बराच वेळ उतरलोच नाही. दोन शतांश सेकंद. तेवढ्यात डोळ्याची पापणीसुद्धा लवत नाही. दोन लिटर पाण्याने माझी गाडी घालवली, हे मी मनातल्या मनात गणित मांडून सिद्धही केलं. सिद्ध होऊन उपयोग नव्हता.

सगळ्यांना प्रमाणपत्र मिळतं. रोहिणी नावाची एक मुलगी तंबूत टेबलाशी बसून छापील कागदावर हाताने नाव आणि वेळ लिहीत होती. मी तिकडे गेलो तर बिभीषण माझ्या आधीच टेबलावर वाकलेला.

"ताई, दोन पॉइंटचं काय घिऊन बसलाव? कारखान्याच्या काट्यावर ट्रॉलीमागं क्विंटल इकडं-तिकडं होतंय, कोन इचारतंय?"

"काका, मशिनने मोजलंय ते."

"मशिनला काय कळतंय? ह्या मानसानं तीन महिने रातची भाकर खाल्ली न्हाई. पानी मी भरलं, चूक माझी, दंड त्यान्ला का? चौदा लिवा."

मी पाठ करून, शेजारच्या गाडीचा बंपर बघत असल्यासारखा उभा राहिलो. कान टेबलाकडे होते. खोटं कशाला सांगू, ती मुलगी हो म्हणावी असं मला वाटत होतं. फार वाटत होतं. तिने कोरा कागद पुढे ओढला आणि म्हणाली, "स्पर्धेच्या यादीत आहे तेच राहील. हा कागद आठवणीसाठी असतो. चौदा नव्व्याण्णव लिहू?"

"लिवा," बिभीषण म्हणाला, आणि मागे वळून मला डोळा मारून मोठ्यांदा ओरडला, "सर, झालाव पास!"

पास! बावीस वर्षं मी परीक्षेत पोरांच्या बाह्यांतून चिठ्ठ्या काढल्या. खिडकीतून उत्तरं सांगणाऱ्या बापांच्या अंगावर धावून गेलो. माझ्या डोक्यात सकाळपासून जे उकळत होतं ते सगळं वर आलं. मी टेबलावर हात आपटला. "खबरदार! पंधरा पूर्णांक शून्य दोन! पंधरा पूर्णांक शून्य दोन लिहा! मी खोटा कागद घेऊन जाणारा माणूस नाही!" रोहिणीने घाईघाईने पंधरा पूर्णांक शून्य दोन लिहिलं. मी तो कागद घेतला आणि ताठ मानेने बाहेर आलो. मंजुषा तंबूच्या दारातच उभी होती.

परत येताना ती माझ्या गाडीत बसली. गेवराई आली. ऊन उतरायला लागलं होतं. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या रस्ता अडवून चालल्या होत्या, त्यांच्यामागे गाडी लावून मी बोलायला सुरुवात केली. अट म्हणजे अट, मी म्हणालो, उद्या सीट आणून बसवतो. मग मी बिभीषणावर घसरलो. पाणी भरलं ते भरलं, अडाणीपणा म्हणून सोडून देऊ. पण खोटा कागद? माझ्या नावाने? "त्याला हा अधिकार दिला कुणी?"

"मी," मंजुषा म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"मीच पाठवलं त्याला. तो जात नव्हता, सर मारतेल म्हनत होता. मीच म्हनलं, जा, चौदाचा कागद आन." ती समोर ट्रॉलीकडे बघत बोलत होती. "तुमी गाडीत वराडत चाललाव तवा मी कडंला उभी होते. काच उघडी होती तुमची. लगीन झाल्यापासून तुमाला तसं कदी बघितलं न्हाई. मंग वाटलं, ऱ्हाऊ दे गाडी तुमचीच. पन मीच अट घातली, मीच सही घेतली, मीच कशी मागं घेऊ? म्हनलं, कागद आला की आपलं तोंड बंद."

मी गिअर बदलला. कुणावर तरी चिडावं म्हणून बघितलं, तर तिथे कुणीच नव्हतं.

"मंजुषा," मी म्हणालो, "अजून कॅलेंडरवर वेळ लिहिलेली नाही."

तिने माझ्या खिशातला कागद काढला, उघडला, बघितला, आणि परत घडी घालून खिशात ठेवला.

"आता काय उपेग," ती म्हणाली. "एवढ्या मानसांत तुमी दोनदा वराडून सांगितलं. आता मलाबी ऐकू आलं न्हाई असं म्हनता येत न्हाई."